ताटातलं पाचवं काडतूस

उद्या तुमचा बाप एखाद्या बंदुकीसमोरून चालत येणार असेल, तर त्या बंदुकीत कोणतं काडतूस भरलं आहे, हे तुम्हाला ठाऊक असेल का? नेम कुणाचा आहे ते मी विचारत नाही. नेमाबद्दल सगळेच बोलतात. काडतूस कोणतं, एवढंच विचारते आहे.

मला ठाऊक नव्हतं. आणि ते ठाऊक नसण्याला मीच कारणीभूत होते.

आमची वाडी रत्नागिरी तालुक्यातली, समुद्रापासून आत. वर सडा, म्हणजे कातळाचं पठार, खाली पऱ्या, म्हणजे ओढा, पऱ्याच्या कडेने भाताचे कुणगे, म्हणजे बांध घातलेले तुकडे. भाद्रपदात दाणा दुधात आला की सड्यावरून डुकरं उतरतात. खातात थोडं, लोळतात फार. वाडीच्या टोकाला एक काकी राहते. नवरा मुंबईला, शेत एकटीचं. आदल्या वर्षी तिच्या निम्म्या भाताचा चिखल झाला होता. तिने वनखात्याच्या खिडकीशी उभं राहून सांगितलं, साहेबाने ऐकून घेतलं, आणि तिला अर्ज लिहून आणायला सांगितलं. अर्ज लिहायचा म्हणजे आमच्या घरी यायचं, हे वाडीत ठरलेलं आहे. बाबांनी जन्मभर पत्रकं वाटली. धरणाची, खाणीची, मजुरीची. पत्रकाच्या कोऱ्या पाठीवर मी अ आ इ गिरवले, आणि पुढची बाजू वाचता यायला लागली तेव्हा शाळेचं पुस्तक अळणी लागायला लागलं. तेव्हा अर्ज मी लिहिला. एकदा नव्हे, चारदा. शेवटी परवानगी आली. रानडुकरं मारायची, परवानाधारकानेच मारायची, मेलेलं जनावर वनरक्षकाच्या ताब्यात द्यायचं.

"म्हंजे मटान खात्याला आनि पाय मोडायचे आमचे," वाडीतलं कुणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले. पण पारधीला यायला कुणी नाही म्हणालं नाही.

वाडीत बंदुका दोनच. एक थोरल्या काकांची, म्हणजे बाबांच्या मोठ्या भावाची. दोन नळ्यांची, बारा बोरची, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची. दुसरी फौजेतून निवृत्त झालेल्या सुभेदारांची रायफल. आमच्याकडे पारध हाक्याची. माणसं आणि कुत्रे डबे वाजवत, ओरडत रान हाकत येतात आणि बंदूकवाला जनावराच्या वाटेवर दबा धरून बसतो. हाक्याच्या पुढे बाबा असतात, कारण सड्याची वाट न् वाट त्यांना माहीत आहे. बंदुकीशी काका असतात. दोघे भाऊ एकमेकांच्या समोर येतात, मधे जनावर. चाळीस वर्षं असंच चाललंय आणि कुणाला काही वाटत नाही.

मला वाटलं. काकांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं राहिलं होतं. बाबांचा गुडघा गेला होता. रांगेत ते मागे पडत, मग मागे पडलो हे लपवायला भलत्याच आडवाटेने पुढे येत. एकाला दिसत नाही, दुसरा सांगितलेल्या जागी थांबत नाही. आणि मधे एक पत्र्याचा डबा.

त्या डब्यात काकांची काडतुसं होती. परवानगीचा कागद आला त्या दिवशी सकाळी मी तो अंगणात आणला आणि सुपात ओतला. तांदूळ निवडावेत तशी निवडायला बसले. एल्जी, म्हणजे थोड्या पण मोठ्या छऱ्यांची. एस्जी, त्याहून लहान पण जास्त छऱ्यांची. पाखरांसाठी बारीक छऱ्यांची. छरे नसलेली, एकच शिशाची गोळी असलेली दोन. आणि जुनी, कागदी पुठ्ठ्याची, दमट हवेने तोंडं फुगलेली. ती नळीत शिरणार नव्हती, आणि शिरली असती तर निघाली नसती. काहींवरची अक्षरं बोटांनी घासून घासून उडून गेली होती.

काका पडवीत पान लावत बसले होते.

"काका, ह्यातलं कुठलं कुठलं हे कसं ओळखता?"

"हाताला कळतं गो बाय. वजनावर."

"आणि सगळी नेता?"

"नेतो तर. हे डुकराला. हे कोंबड्याला. हे भेकराला..."

"भेकराला बंदी आहे."

"बंदी हाय म्हनूनच पडून हाय ना मेलं! उडवलं असतं तर सुपात दिसलं असतं काय?"

"मग न्यायचं कशाला?"

"असावं खिशात. रानात काय येईल ते काय सांगून येतं?"

मला यातच खोट दिसत होती. माणूस घाबरतो तेव्हा तो पर्याय वाढवत बसतो. वाढवलेला प्रत्येक पर्याय खिशात एकमेकांवर आपटत असतो, आणि ऐन वेळी बोटाला जे लागतं तेच खरं ठरतं. काकांचा उजवा अंगठा तर मिरजोळ्याच्या कारखान्यात पत्रा कापताना बधिर झालेला. त्या अंगठ्याला वजन कळतं, यावर मी माझ्या बापाचा जीव का ठेवावा?

मी सुभेदारांना बोलावून आणलं. काका माझं ऐकणार नाहीत, त्यांचं ऐकतील, असा माझा हिशोब. ते सुपाशी उकिडवे बसले, एकेक काडतूस उचलून कानाशी हलवून बघितलं, आणि काकांना म्हणाले, "हे काय, भुसारीचं दुकान टाकलंस?"

"तुमच्या रायफलीसारखी एकच गोष्ट न्हाय आमची."

"म्हणून तर सांगतो. माझ्या रायफलीला एकच जात. एकाच खोक्यातली, एकाच वजनाची. ती कुठे पडते ते मला झोपेत विचार. जो पाच जातीची खिशात घालतो ना, त्याला ऐन वेळेला सहावीच लागते."

"मग आना की तुमची रायफल हाक्याला!"

"नाही आणणार," सुभेदार शांतपणे म्हणाले. "हाक्यात रायफल नाही. तिची गोळी चुकली तर पुढच्या वाडीत जाऊन थांबते. समोर आपलीच माणसं असणार. रायफल घरी."

म्हणजे रायफलीची सगळी काडतुसं गेली. राहिली बारा बोरची. बारीक छऱ्यांची मी बाजूला केली. डुकराला ती टोचतात फक्त, आणि टोचलेलं डुक्कर कुत्र्यांवर उलटतं. फुगलेली बाजूला. एस्जी आणि एल्जी या दोन जातींत सुभेदारांनी एल्जी ठेवली. मग गोळीवर भांडण पेटलं.

"एकटा सुळेवाला आला तर?" काका म्हणाले. "बैलाएवढा असतो. छऱ्यांनी थांबंल? जखमी होऊन हाकाऱ्यांत घुसला तर पोट फाडंल कुनाचं. गोळी पायजेच."

ते चूक बोलत नव्हते, म्हणूनच मला जास्त भीती वाटली. पण आमची जमीन कातळाची. कातळावर गोळी थांबत नाही, आपटून उडते, आणि कुठे जाते ते तिलाही माहीत नसतं. दुपारी आम्ही तिघं जागेवर गेलो. डुकरांची वाट पऱ्याशी उतरते तिथे कातळाची एक लांब लादी आहे. तिच्या मागे मातीची उंच दरड, दरडीवर ऐनाचं झाड. हाकारे ऐनाच्या अलीकडे यायचे नाहीत, असं ठरलं. दबा धरायच्या खडकापासून लादीपर्यंत मी पावलं मोजली. सत्तावीस.

"तिसाच्या आत एल्जी पुरते," सुभेदार म्हणाले. "तिसाच्या पलीकडे बार नाही. छरे चुकले तर दरड गिळेल. गोळी लादीवर लागली तर दरडीच्या वरून जाईल. वर कोण असणार? तुझा भाऊ."

काकांनी चंची उघडली, बंद केली.

डब्यात चांगल्या एल्जी चारच निघाल्या. चार पुष्कळ झाल्या. दोन नळीत, दोन खिशात. मी घरी येऊन एक कागद लिहिला: पारधीला एकच जात, चार नग, दुसरं काही नाही, तीस पावलांपलीकडे बार नाही, हाकारे ऐनाच्या मागे, हाक आली की बंदुकीशी बोलायचं नाही, हलायचं नाही. तो देवळासमोरच्या सहाणेच्या, म्हणजे पालखी टेकवायच्या चौथऱ्याच्या, खांबाला चिकटवला. उरलेली काडतुसं जातवार फडक्यांत बांधून डब्यात परत टाकली. गोळीची दोन सगळ्यात शेवटी बांधली, म्हणून ती सगळ्यात वर राहिली.

नंतरचे चार दिवस बाबा जेवायला बसले की माझं लक्ष त्यांच्या गुडघ्याकडे जाई. उठताना ते भिंतीला हात लावत.

"बाबा, ऐनाच्या पुढे यायचं नाही."

"वाचलंय गो. खांबाला लावलंयस. आता माझ्या पाठीलाही चिकटव एक."

"चेष्टा नका करू."

"तुझ्या काकाने चाळीस वर्षांत माणसाला छरा लावला नाही."

"चाळीस वर्षं त्यांना दिसत होतं."

ते हसायचे थांबले. "त्याच्यासमोर बोलू नकोस असं," एवढंच म्हणाले.

पारधीच्या सकाळी सगळे सहाणेवर जमले. आमच्याकडे रानात जायच्या आधी बंदूक सहाणेवर आडवी ठेवतात, ताटात काडतुसं ठेवतात, मानकरी गाऱ्हाणं घालतो. काकांनी ताटात चार एल्जी ठेवल्या. मी दुरून मोजल्या. चार.

मानकऱ्याने ताटाकडे पाहिलं. "चार?"

"चारच न्यायची आहेत," मी म्हणाले.

"न्ह्या की तुमी कितीबी. ताटात चार ठेवत न्हाईत. पाच पायजेत."

तिथे मी बोलायला हवं होतं. याहून मोठ्या माणसांशी, याहून मोठ्या गोष्टींवरून मी भांडले आहे. पण तीसेक माणसं अनवाणी उभी, कुत्रे दोऱ्या ताणतायत, ऊन वर येतंय, आणि काकी पदर खोचून माझ्याकडे बघतेय. मनात म्हटलं, ताटापुरतं तर हवं आहे. देवाचं समाधान, मानकऱ्याचा मान. रानात चारच जातील. मी धावत घरी गेले, डबा उघडला, वरच्या फडक्यातलं एक घेतलं, धावत आले, ताटात ठेवलं. लाल, इतर चारांसारखंच लाल.

"बा देवा म्हाराजा," मानकऱ्याने सुरू केलं, "आज ही तुजी लेकरं रानात निगाली..."

"व्हय म्हाराजा!"

"ज्याचा पाय ज्या उंबऱ्यातनं भायर पडला, त्याच उंबऱ्यात परत येऊ दे..."

"व्हय म्हाराजा!"

त्या दुसऱ्या होकारात माझा आवाज होता. होकार देता देताच मला कळलं की मी वरचं फडकं सोडलं होतं. वरच्या फडक्यात गोळ्या होत्या.

गाऱ्हाणं संपलं. काकांनी ताटातली पाचही काडतुसं उचलून सदऱ्याच्या खिशात टाकली.

"काका, पाचवं ठेवा. ते ताटापुरतं होतं."

"देवापुढचं मागं ठेवतात काय? येडी की काय!"

"काका, ते गोळीचं आहे."

लोक डबे वाजवून बघत होते, त्या गोंगाटात त्यांनी ऐकलं की नाही मला माहीत नाही. "चल," म्हणाले आणि चालायला लागले. त्यांचे डोळे म्हणून मी बरोबर जायचं ठरलं होतं.

खडकामागे करवंदाच्या जाळीत आम्ही बसलो. त्यांनी बंदूक मोडली, म्हणजे भरायला मधून दुमडून उघडली, खिशात हात घातला, दोन काढली, न बघता नळ्यांत सारली, बंदूक मिटली.

"दाखवा मला."

"काय?"

"कुठली घातली ती. एक गोळीचं आहे त्यात, सांगितलं ना."

"देवासमोरनं आनलेलं तपासतंस? पोलिसात लागलीस?"

"काका, उघडा."

"हाताला कळतं म्हटलं ना तुला!"

तेवढ्यात सड्यावरून पहिली हाक आली. हाक आली की बंदुकीशी बोलायचं नाही, हलायचं नाही, हा नियम मीच कागदावर लिहिला होता. डबे वाजायला लागले. थाळ्या. कुत्रे. पाचात एक. दोन नळीत. मी पुन्हा पुन्हा तेच गणित करत होते, आणि दरवेळी उत्तर मला आधीपेक्षा मोठं वाटत होतं.

मग ते आलं. कळप नव्हता. एकटाच, सुळेवाला, पाठीवरचे केस उभे, चिखलाने काळा. घाईत नव्हता. लादीवर उतरला आणि थांबला. सत्तावीस पावलं. काकांच्या खांद्याला मी एकदा बोट लावलं, म्हणजे आला; दुसऱ्यांदा लावलं की बार, असं ठरलं होतं. त्यांनी बंदूक उचलली.

आणि दरडीवर, ऐनाच्या अलीकडे, गवतातून एक टॉवेल वर आला. पांढरा, निळ्या काठाचा. मी स्वतः आदल्या दिवशी वाळत घातलेला.

नळीत एल्जी आहे हे मला नक्की ठाऊक असतं तर मी काय केलं असतं? छरे दरडीत गेले असते, असं आम्ही तिघांनी मोजून ठरवलं होतं. तेव्हाही बापाचं डोकं दिसत असताना मी दुसऱ्यांदा बोट लावलं असतं का, सांगता येत नाही. पण मला ठाऊकच नव्हतं. मी नळीवर हात ठेवला आणि खाली दाबला.

काकांनी ओढून बघितलं. मी सोडलं नाही. डुक्कर लादीवरून सावकाश पऱ्यात उतरलं आणि काकीच्या शेताच्या बाजूच्या झुडपात शिरलं.

हाकारे खाली आले. बाबा लंगडत सगळ्यात पुढे. "काय झालं? बार का नाही?"

काकांनी बंदूक मोडली. दोन्ही नळ्यांतून दोन काडतुसं बाहेर आली. मी ती हातात घेऊन अक्षरं वाचली. दोन्ही एल्जी.

"बघ," काका म्हणाले. आवाज चढला होता. "म्हटलं न्हवतं? कळतं हाताला!" मग त्यांनी खिशातली तीन काढून खडकावर ठेवली. एकेक तळहातावर तोलली. दोनदा तोलली. बाबा आणि सुभेदार बघत होते. शेवटी काकांनी मधलं पुढे सरकवलं. "हे गोळीचं."

मी ते उचललं. त्याच्यावर एल्जी लिहिलं होतं. गोळीचं डावीकडचं होतं.

मी ते त्यांना दाखवलं. वाचता येत नव्हतं त्यांना, पण माझ्या तोंडावरून कळलं. कुणीच हसलं नाही. काका खडकावर बसले आणि बधिर अंगठा दुसऱ्या हाताने चोळत राहिले. बाबा त्यांच्या शेजारी बसले. बाबा म्हणाले, "मीही ऐनाच्या पुढे आलो होतो." काका म्हणाले, "दिसलास न्हाय मला." दोघांनी एका चंचीतलं पान खाल्लं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकीने मला हाक मारून नेलं. तिचे दोन कुणगे आडवे झाले होते. भाताच्या लोंब्या चिखलात दाबलेल्या, वर खुरांचे ठसे. ती बांधावर उभी होती, आवाज न चढवता बोलली.

"तुझा बाप वाचला, बरं झालं बाय. खरंच बरं झालं. पन तुमी चार नेनार होता ना? खांबाला लिवलं होतंस. मला वाचता येत न्हाय, मी पोरीकडनं वाचून घेतलं होतं. मग पाच कशी झाली?"

मी तिला मानकऱ्याचं सांगू शकले असते, रिवाजाचं, काकांच्या हट्टाचं. तसं पत्रक मला एका बैठकीत लिहिता आलं असतं. पण पाचवं काडतूस मी आणलं होतं, माझ्या पायांनी धावत, माझ्याच यादीच्या विरुद्ध. एल्जीच असती तर मी बार होऊ दिला असता, कदाचित. नळीत एल्जीच होती. म्हणजे तिचं भात डुकराने खाल्लं तेवढंच माझ्या त्या कदाचितनेही खाल्लं. मी तिला तसंच सांगितलं. ती म्हणाली, "होय तर," आणि आडवं भात उभं करायला वाकली. मीही वाकले. लोंब्या चिखलातून सुटतात, पण दाणा भरत नाही.

फुगलेली, अक्षरं उडालेली, गोळीची, चार एल्जी सोडून बाकी सगळी काडतुसं मी आणि काकांनी मिळून पोलीस ठाण्यात नेऊन दिली. हवालदाराने विचारलं, "एवढी का देताय?" काका म्हणाले, "खिसा फाटतो."

पंधरा दिवसांनी परत पारध ठरली. सहाणेवर काकांनी ताटात चार एल्जी ठेवल्या. मानकऱ्याने बघितलं, तोंड उघडलं. काकांनी चंचीतून एक अख्खी सुपारी काढली आणि चारांच्या मधे ठेवली. मानकऱ्याने तोंड मिटलं आणि गाऱ्हाणं सुरू केलं. देवाला कमी पडलं असं काही दिसलं नाही. त्या दिवशीही डुक्कर मिळालं नाही, कळप दुसऱ्याच वाटेने गेला. पण नळीवर हात ठेवायला मी खडकामागे गेले नव्हते; काकांचे डोळे म्हणून या वेळी सुभेदार बसले होते. मी हाक्यात होते, बाबांच्या शेजारी, ऐनाच्या मागे, आणि समोरच्या बंदुकीत काय आहे ते मला ठाऊक होतं. भीती गेली नाही. ती जात नाही, आणि जाऊही नये.

हे वाचणाऱ्या तुमच्या घरात किंवा वाडीत परवान्याची बंदूक असेल, तर माझं एक ऐका. उद्या सकाळी उन्हात बसून डबा सुपात ओता. वाचता येणाऱ्याला शेजारी बसवा. पारधीला जाईल ती एकच जात ठेवा, बाकीची ठाण्यात देऊन या. आणि तुमच्याकडेही ताटात पाच लागत असतील, तर पाचवी सुपारी ठेवा.